हलगी थांबली तेव्हा

आमच्या घरात मला उद्देशून सगळ्यात जास्त बोलला गेलेला शब्द म्हणजे ‘बस’. माय भाकरी थापताना म्हणायची, लोकर कातताना म्हणायची, माझ्या डोक्यातल्या उवा काढताना तर मानेवर गुडघा ठेवून म्हणायची. “बस की गं एका जागी, भवाने! पायाला भिंगरी बांधून आलीस का?” मी बसायची. किती वेळ? तव्यावरची भाकर उलटेपर्यंत. मग परत दारात, दारातून मेंढरांच्या वाडग्यात, वाडग्यातून तळ्याच्या पाळीवर. मला बसवतच नसे. एका जागी बसलं की पोटऱ्यांत मुंग्या चालायला लागत, आणि घरचे ज्याला अवखळपणा म्हणत तो माझ्या मते निव्वळ त्रास होता. आता ऐंशी ओलांडली तरी तो गेलेला नाही. हे लिहायला घेतल्यापासून मी चारदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, तीनदा उगीच. सून म्हणते, “आत्या, बसा हो जरा.” तिला काय माहीत, त्या शब्दानं माझं काय काय करून ठेवलंय ते.

आम्ही हर्सूलला राहायचो. तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं आणि शहर म्हणजे औरंगाबाद, तिथं जायचं तर आबा आदल्या दिवशी पटका धुऊन टाकायचे. मेंढरांमागं फिरणारी आमची जात. आजोबांनी कधीतरी तळ्याकाठी वाडगं टाकलं ते तिथंच राहिले. मातीचं धाब्याचं दोन खणांचं घर, मागं मेंढरं. मेंढरं अगदी माणसासारखी खोकतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. नवा पाहुणा आला की “आत कोण म्हातारं आजारी हाय?” असं विचारायचा आणि आम्ही भावंडं तोंडात पदर-सदरा कोंबून हसायचो. तिकडं हर्सूलच्या तुरुंगातला टोल वाजायचा, त्यावर मायचा दिवस चालायचा. चार टोल पडले की हुलग्याचं माडगं चुलीवर चढायचं. घराला लोकरीचा, ओल्या घोंगडीचा वास होता. शाळेत पोरी नाकाला पदर लावायच्या, आणि मी त्यांच्या वेण्या ओढायची. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी लहान होते. मला एवढंच आठवतं, की चार दिवस मेंढरं बाहेर काढली नाहीत आणि ती उपाशीपोटी ओरडत राहिली. माय त्यांच्यावर ओरडत होती आणि आबा मायवर.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडं उस्ताद आले, ते बाज विणायला. आबांनी लाकडाचा सांगाडा सुताराकडून करून आणला होता आणि सुतळी वळून ठेवली होती. उस्ताद उंच, वाळलेले, दाढी पांढरी पण मिशी अजून काळी. निजामाच्या पलटणीत ते शिपायांना फरीगदगा शिकवायचे. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल, आणि गदगा म्हणजे चामडं मढवलेला हातभर दांडका. अ‍ॅक्शननंतर पलटण गेली, नोकरी गेली. बायको वारली होती आणि मुलगा हैदराबादला निघून गेला होता. तो पत्र पाठवायचा, ‘इधर आ जाओ’ म्हणून. उस्ताद जायचे नाहीत. तळ्याच्या अंगाला एक खोली घेऊन ते बाजा विणत बसले. दोन्ही हातांनी एकदम विणायचे, आणि सुतळी ओढताना बोटं अशी फिरायची की बघतच राहावं. मी बघत उभी होते. मी एका जागी उभी राहिले हे बघून माय घाबरली आणि माझ्या कपाळाला हात लावून गेली.

त्या दिवशी माझा थोरला भाऊ धोंडू वाडग्यात कुत्र्याला काठीनं अडवत होता. आमच्याकडं काठी चालायला लागण्याआधी हातात येते. उस्तादांनी विणणं थांबवलं. “अय छोरे, कलाई ढीली रख,” म्हणाले. धोंडूला कळलं नाही. उस्ताद उठले, त्याचं मनगट धरून हलवून सैल केलं आणि परत येऊन विणायला लागले. एवढ्यावरून सुरू झालं. आठवड्याभरात आमच्या खळ्यावर धोंडू, कुंभाराचा गणपत आणि हलगीवाला किसन, असे तिघं जमायला लागले. उस्तादांचा नियम एकच, हलगीशिवाय हात उचलायचा नाही. “बिना ताल के मारे सो झगडा. ताल में मारे सो खेल.” आता किसन हलगीवर बसला की राहिले दोघं, तेवढ्यानं जोडी होते म्हणा. पण गणपत तिसऱ्या दिवशी चिखल तुडवायच्या कामाला अडकला आणि धोंडूला जोडीदार उरला नाही. मी वाडग्याचा दरवाजा लावला आणि खळ्यावर गेले. कुणाला विचारलं नाही. गणपतचा गदगा उचलला. गदग्याच्या टोकाला चुलीतली राख लावलेली असायची, ज्याच्या अंगावर राख दिसली तो हरला. धोंडू म्हणाला, “ही? मी हिला एका फटक्यात चुलीत घालीन.” उस्ताद म्हणाले, “घाल, देखते.”

पहिली गोष्ट घडली ती इथं. हलगी सुरू झाली आणि धोंडूनं खरंच मला चुलीत घालायचं मनावर घेतलं. गदगा डोक्यावरून असा फिरवला की उस्तादांना वाटलं, पोरगी गेली. ते ओरडले, “बस!” त्यांच्या बोलीत बस म्हणजे पुरे, थांब. पण मी जन्मल्यापासून ‘बस’ ऐकत आले होते आणि त्याचा एकच अर्थ मला माहीत होता. मी मटकन खाली बसले. धोंडूचा फटका वरून वाऱ्यासारखा गेला, तो स्वतःच गिरकी खाऊन अडखळला, आणि समोर त्याच्या नडग्या दिसल्या तशी मी एक हाणली. राख चांगली ठसठशीत उमटली. धोंडू एका पायावर नाचत “आये! आये!” करायला लागला.

“बस बोल्या मैं! बैठी कायकू?” उस्ताद धावत आले.

“तुमीच म्हणलाव बस. म्हणून बसले की.”

“अरे बस मतलब बस!”

“व्हय, बसलेच की मंग!”

किसन हसून हसून हलगीवर आडवा झाला. शेवटी त्यानंच सोडवणूक केली. “उस्ताद, हिच्या मराठीत बस म्हंजी बैठ जा. हिची माय दिसभर हेच वरडत असती.” सगळे हसले, फक्त उस्ताद हसले नाहीत. ते माझ्याकडं, माझ्या टाचांकडं, धोंडूच्या नडगीवरच्या राखेकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “फिर से बैठ.” त्या संध्याकाळी त्यांनी मला पन्नासेक वेळा तरी खाली बसवलं. बसायचं कसं, भार कुठल्या टाचेवर, फरी डोक्यावर कशी, बसल्या बसल्या एका पायावर फिरून नडगीला कसं शिवायचं. माय दारातून बघत होती. “माझ्या म्हणण्यानं एकदाबी बसली नाय. आता बघा,” ती म्हणाली.

त्या डावाचं नाव पडलं बसकी. मोठ्या मोठ्या तालमींना तो ठाऊक नव्हता, कारण तालमीतले गडी उभ्यानं छाती काढून खेळायचे. आमच्याकडं वाकायला, बसायला कुणाला लाज नव्हती, आम्ही सगळे खाली बसून कामं करणारे. पण मग गोंधळ व्हायला लागला. उस्ताद थांबवायला ‘बस’ म्हणायचे, त्यांच्या जिभेवरून तो शब्द जाईना, आणि पोरं धपाधप खाली बसायची. त्यावर तोड किसननं काढली. “हलगी चालू आसंल तर बस म्हंजी खाली बसायचं. हलगी थांबली की बस म्हंजी झालं, हात खाली.” असं ठरलं. एक शब्द, आणि त्याचा अर्थ किसनच्या हातात. उस्तादांनी हरण्याची रीतही घालून दिली होती. ज्याला हार कबूल, त्यानं वाकून दोन बोटांनी माती घ्यायची आणि कपाळाला लावायची. माती घेतली की हलगी थांबणार, उस्ताद बस म्हणणार, आणि मग समोर दुश्मन उभा असला तरी हात उचलायचा नाही. “माटी लिया सो भाई,” ते म्हणायचे.

चौघांचे आठ झाले, आठांचे वीस. माळ्यांची पोरं आली, गवळ्याची आली, शहरातून दोन कॉलेजातली मुलं सायकली हाणत यायला लागली. त्यांना आम्ही आधी महिनाभर नुसतं खाली बसायला शिकवलं, पँटी फाटेपर्यंत. मी एकटीच पोरगी. खेळ संपला की गूळ-शेंगदाणे, कधी मायनं ओतलेलं ताक. उस्ताद शहरात गेले की नान घेऊन यायचे, फडक्यात गुंडाळलेले, पिवळेधमक. मायनं दोन-तीन महिने त्यांना हात लावला नाही. मग एक दिवस येसर मसाल्याच्या आमटीत बुडवून खाल्ला आणि निकाल दिला, “फुगलेली भाकरच हाय ही. चव नाय, पण आमटी लई पिती.” उस्तादांना हे इतकं आवडलं की पुढं ते प्रत्येकाला नान देताना “ले, आमटी पीनेवाली भाकर” म्हणायचे. लासूर स्टेशनच्या बाजारात आम्ही पहिल्यांदा गावाबाहेर खेळलो. आगगाडीतून गेलो, आणि त्या प्रवासात मी एकदाही बसले नाही.

परवा माझी नात सई आली होती. ती शहरात कपोएरा नावाचा खेळ शिकते. ब्राझील देशातला, गुलाम करून नेलेल्या माणसांनी काढलेला. कडं करून उभं राहायचं, टाळ्या, गाणं, एका तारेचं भोपळा लावलेलं धनुष्यासारखं वाद्य, आणि मधे दोघं. मारतात की नाचतात कळत नाही. तिनं मला तो फोनवर दाखवला. मग दिवाणखान्यात टीपॉय बाजूला सारून ती मटकन खाली बसली, हात तोंडापुढं धरला, आणि तिथूनच एक पाय गर्रकन फिरवला. मी म्हणाले, “सये, ही तर बसकी.” ती म्हणाली, “आजी, मला माहितीये ती गोष्ट. तू चुकून खाली बसलीस ती.” सगळ्यांनाच माहितीये. आमच्या फरीगदग्याचं पथक अजून आहे. मुली जास्त आहेत आता, भगव्या पट्ट्या, मोठा स्पीकर. कार्यक्रमात सूत्रसंचालक ती गोष्ट रंगवून सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिच्यातलं खरं ज्यांनी ओळखलं होतं ते दोघं, उस्ताद आणि किसन, गेले. मी उरले. सईनं विचारलं, “मग तू खेळणं का सोडलंस?” मी चहा ठेवायला उठले.

तर दुसरी गोष्ट. मी तेरा वर्षांची झाले आणि मायनं जाहीर केलं, “पुरे झालं आता. पोरगी शहाणी व्हायला आली. चार लोकांत टांगा फेकती, कोण करील हिला?” मी रडले नाही. मी दोन दिवस जेवले नाही, आणि आमच्या घरात न जेवणं ही फार मोठी गोष्ट होती. आबा मुळात कमी बोलणारे. तिसऱ्या दिवशी ते मायला म्हणाले, “देवगावच्या जत्रंत हिला खेळू दे. जिंकली तर अजून एक साल. हरली तर घरात बसंल. काय गं कौशे, बसशील?” मी हो म्हणाले. मला वाटलं, एक साल म्हणजे काय, मी जिंकले की पुढच्या साली परत जिंकेन, आणि असं करत करत कधी बसावंच लागणार नाही. त्या वयात सगळं असं सरळ दिसतं. देवगाव रंगारीची जत्रा महिन्यावर होती. त्या महिन्यात मी झोपेतसुद्धा टाच वळवायची, धोंडूनं माझ्यापासून अंथरूण लांब नेलं.

आम्ही कडब्याच्या लॉरीवर बसून गेलो. आबाही आले, नवा पटका बांधून. देवगाव म्हणजे जमीनवाल्यांचं गाव, काळीभोर जमीन, मोठाले बैल. मैदानात कडं झालं होतं, माणसं झाडांवर चढली होती. माझ्यासमोर जोड आला उत्तम नावाचा, तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, अठरा-एकोणीसचा, ओठांवर नुकती मिशी. मला बघून तो पंचांकडं वळला. “पोरीबर खेळू का आता मी?” लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, “खेळ खेळ, लगीन लावतील नायतर.” अजून हसले. उत्तमनं फरी बाजूला टाकली, डावा हात पाठीमागं नेला आणि एका हातानं खेळायला उभा राहिला. उस्ताद माझ्या कानाशी म्हणाले, “गुस्सा बाहेर रख. अंदर खेल लेको जा.” मी मान हलवली. राग बाहेर कसा ठेवतात ते मला आजही येत नाही.

किसनची हलगी सुरू झाली. उत्तम खेळलाच नाही. तो गदगा माशा हाकलल्यासारखा हलवत होता, मधूनच लोकांकडं बघून डोळा मारत होता. उस्ताद ओरडले, “बस!” हलगी चालू होती, मी खाली बसले, फिरले, आणि त्याच्या नडगीवर राख लावली. स्वच्छ. एवढ्यानं मी जिंकले होते. त्यानं आपल्या पायाकडं बघितलं, आणि चिडायच्या ऐवजी तो हसला. हे मी कधी विसरले नाही. मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “घ्या बाई, जिंकलात. जावा आता घरी, मेंढरं वाट बघत आसतील.” आणि नाटकी वाकून, कंबरेत लवून, त्यानं दोन बोटांनी माती घेतली. सगळं मैदान खदाखदा हसलं. आबासुद्धा त्या गर्दीत होते, पटका बांधून. हलगी थांबली. उस्ताद म्हणाले, “बस.”

मी बसले. तो वाकलेला, मी खाली, त्याचं डोकं माझ्या डोक्यासमोर. मी गदगा फिरवला तो त्याच्या भुवईवर. चामड्याच्या शिवणीनं कातडी फाटली आणि रक्त त्याच्या डोळ्यात, मिशीवर, पांढऱ्या सदऱ्यावर आलं. माती घेतलेली दोन बोटं अजून कपाळाकडं निघालेली होती.

पुढचं सगळं एकदम झालं. बाया ओरडल्या, माणसं आत घुसली, धोंडू आणि गणपत माझ्या अंगावर येऊन उभे राहिले. “हात खाली केलेल्याला मारलं!” “माती घेतली व्हती त्यानं!” आणि मागून एक आवाज आला, “निजामाचा मानूस शिकवतोय. आसंच शिकवनार.” तो आवाज आला आणि गर्दीचं तोंडच फिरलं. आत्तापर्यंत सगळे माझ्याकडं बघत होते, आता ते उस्तादांकडं बघायला लागले. पंचांनी मला विचारलं, का मारलंस? मी बोलले. स्पष्ट, मोठ्यानं बोलले. “उस्ताद म्हणले बस. बस म्हणलं की आमी खाली बसून मारतो. म्हणून मारलं.”

उस्तादांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग ते कड्याच्या मधोमध आले. आपला गदगा उत्तमच्या वडलांच्या पायाशी ठेवला, वाकून माती घेतली आणि कपाळाला लावली. “लफ्ज मेरा था,” ते म्हणाले. “दो मायने का लफ्ज मैं रख्या. बच्ची का कसूर नहीं. जो बोलना मेरेकू बोलो.” कुणीतरी त्यांची टोपी उडवली. आबा पुढं झाले, टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. उत्तमचे वडील पायाशी ठेवलेल्या गदग्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “उचला तुमचं लाकूड आन् निघा. परत ह्या गावात दिसू नका.” आम्ही निघालो. उत्तम पटक्यानं भुवई दाबून बसला होता. आता तो हसत नव्हता.

लॉरी परत निघाली. वेरूळ मागं पडल्यावर धोंडूनं विचारलं, “मंग आपण जिंकलो का हारलो?” किसन माझ्या शेजारी होता, हलगी मांडीवर पालथी. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “कौशे, माझी हलगी थांबल्याली तुला ऐकू आलं नाय व्हय?” मी म्हणाले, “नाय. लोक हसत व्हते.” तो “बरं,” म्हणाला. मरेपर्यंत त्यानं परत कधी विचारलं नाही.

मला ऐकू आलं होतं. लोक कितीही हसू देत, हलगी थांबली की अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं, जो हलगीवर खेळलाय त्याला ते कानानं ऐकावं लागत नाही. हलगी थांबली हे मला कळलं, उस्ताद थांब म्हणाले हे कळलं, आणि मायनं आयुष्यभर दिलेला अर्थ माझ्याजवळ तयार होता, त्याच्या आड मी लपले. चूक पहिल्यांदा झाली होती. दुसऱ्यांदा मी ती केली. साठ-सत्तर वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू पोर होतीस, चिडली होतीस. चिडले होतेच. पण चिडून मारलं त्याचं मला एवढं वाटत नाही, जेवढं मी नंतर त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ढकललं त्याचं वाटतं, आणि तेही त्या गर्दीत, त्या दिवसांत. मला लाज वाटते. आजही वाटते. सईसमोर तर फारच वाटली.

उस्ताद खळ्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी गणपतनं बातमी आणली, उस्ताद मुलाकडं हैदराबादला चाललेत, कायमचे. माय मला एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलली नाही की समजायचं, फार झालं. आबा माडग्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, “राख तर लावली व्हतीस तू. कबूल केलंय ते केलंय. साल तुझं. खेळ.” माझ्याकडं न बघता म्हणाले. मला हवं होतं ते मिळालं. मी वाडग्यात जाऊन मेंढरांमध्ये उभी राहिले आणि मग तिथंही राहवेना.

मी तळ्याकडं गेले. ऊन होतं. उस्तादांच्या खोलीचं दार उघडं, सामान एका पेटीत बांधलेलं, आणि ते अंगणात बाज विणत होते. आमचीच. आबांनी दुसरा सांगाडा करून दिला होता, तो जायच्या आधी पुरा करून द्यायचा म्हणून. अर्धी विणून झाली होती, अर्धा भाग मोकळा. मी समोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. बोटं चालू होती, सुतळी ओढल्याचा सर्र सर्र आवाज येत होता. मी येताना वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, काय म्हणायचं, कसं म्हणायचं.

“उस्ताद,” मी म्हणाले, “हलगी थांबली व्हती. मला...”

“बस,” ते म्हणाले.

मी थांबले. तिथं हलगी नव्हती. पुरे झालं म्हणाले, की बस म्हणाले, मला कळेना. आवाजावरून कळेना, तोंडावरून कळेना, ते मान खाली घालून विणत होते. अजूनही कळलेलं नाही. मी बाजेकडं बघितलं, बाजेवर बसायला जागा नव्हती. मी खाली मातीत बसले.

थोड्या वेळानं त्यांनी सुतळीचं टोक माझ्याकडं सरकवलं. मी धरलं. ते ओढायचे, मी सैल सोडायची, ते परत ओढायचे. पोटऱ्यांत मुंग्या आल्या, त्या गेल्या, पाय बधिर झाले, ऊन उतरलं, तुरुंगातले टोल मी मोजले नाहीत. शेवटची गाठ मारून त्यांनी बाज आडवी केली, हातानं दाबून बघितली, पेटी उचलून ओसरीवर ठेवली आणि आत जाऊन नमाजाआधीच्या वुजूचं पाणी घेतलं. मी तशीच बसून होते.

माय शोधत आली. लांबून हाका मारत आली, जवळ येऊन थबकली. बाजेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तिनं जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी दुसराच शब्द वापरला.

“ऊठ, कौशे,” ती म्हणाली. “ऊठ माय. घरी चल.”

मला उठवेना.